पाचवं रहस्य निकोलच्या लेखासाठी

६ ऑक्टोबर, रविवार

माळेचा, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेचा महिना सुरू झाला. मारियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी नव्या घरी. दुसऱ्या दिवशी पुढच्या घरचे येतात, मेणबत्ती लावतात, गाणं म्हणत मूर्ती गाडीतून घेऊन जातात. आमची पाळी १९ला. आमच्यानंतर ग्लेन आणि रिया, अल रीम भागातले.

ही आमची अबू धाबीतली शेवटची पाळी. विल्फीची, माझ्या नवऱ्याची, नोकरीतली मुदतवाढ मार्चमध्ये संपते, मग व्हिसा खलास, मग वसई. नाताळही शेवटचाच. निकोल, आमची अमेरिकेतली लेक, छोट्या नोआला घेऊन येते म्हणाली आहे. तिकीट अजून काढलेलं नाही, पण येते म्हणाली आहे. तिची खोली मी आत्तापासून आवरायला घेतली. कॉलेजसाठी अमेरिकेला जाण्याआधी जेमतेम दोन वर्षं राहिली ती या खोलीत. तरी खोली तिचीच.

फोनवर म्हणाली, "ममा, नेक्स्ट संडे माझा मोठा पीस येतोय. प्रे फॉर मी, हां?"

कित्येक वर्षांत तिने प्रार्थना मागितली नव्हती. मला इतकं भरून आलं की लेख कशावर आहे ते विचारायचं राहूनच गेलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

फिलूला सांगितलं. फिलू म्हणजे माझ्या बाकावरची फिलोमिना. कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर आणि आता एमबीझेड सिटीत एका गल्लीत. ती म्हणाली, "मग ग्रुपलाच सांग ना. एकटीच्या प्रार्थनेत काय दम आहे तुझ्या!"

तर ठरलं. माळ विल्फीच सांगतो दरवर्षी. माळेचे पाच भाग म्हणजे पाच रहस्ये, प्रत्येकाआधी प्रार्थनेचा हेतू सांगायचा. तिसऱ्या रहस्याचा हेतू नेहमीचा, न जन्मलेल्या बाळांसाठी. पाचवं रहस्य निकोलच्या लेखासाठी. विल्फीने सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात हेतू सांगितला. मान किंचित वर. मुलीचा अभिमान त्याला लपवता येत नाही. मला तरी कुठे येतो.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दुःखाची रहस्ये. गर्दी पुष्कळ. फिलूचा सायमन म्हणाला, "अरे, एका लेखाला इतक्या प्रार्थना! मला प्रमोशन हवं होतं तेव्हा कोणी एक नमो मारिया दिला नाही."

फिलू : "दिला होता. तुझ्या कामाकडे बघून देवाने परत पाठवला."

सगळे हसले. रिया निघताना म्हणाली, "आंटी, लिंक पाठवा हं, नक्की." गोड पोरगी आहे.

माळेनंतर वाटतात ते चणे आज जरा कच्चे होते. (नव्या जोडप्याचं घर. शिकतील.)

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी लिंक आली. चर्चच्या मिस्साला निघायची घाई, विल्फी खाली हॉर्न वाजवतोय. शीर्षकाकडेही नीट पाहिलं नाही. पेपरचं नाव दिसलं, खाली निकोलचं नाव दिसलं, केली फॉरवर्ड ग्रुपवर. 'आमच्या निकोलचा लेख. तुमच्या सर्वांच्या प्रार्थनेचं फळ. आभार.' वर गुलाब.

मिस्साहून आले तर ग्रुप गप्प. कुणी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं तरी वीस अंगठे येतात तिथे. आज एक नाही. फक्त फिलूचा वेगळा मेसेज, "ॲगी, तू वाचलंस का हे?"

मग वाचलं.

तिकडे म्हणे निवडणुकीआधी वर्तमानपत्रं उघड लिहितात, अध्यक्ष कुणी व्हावं ते. निकोलच्या गावातल्या पेपरनेही लिहिलं आहे. संपादक मंडळाचं मत म्हणून, खाली मंडळाची नावं, त्यात निकोलचं. आणि पाठिंबा नेमका त्या उमेदवाराला, ज्याचं नाव आमच्या ग्रुपमध्ये घेतलं तरी लोक क्रुसाची खूण करतात. गर्भपाताच्या बाजूचा, न जन्मलेल्या बाळांच्या विरोधातला, असं त्याच्याबद्दल इथे सगळे म्हणतात.

तिसरं रहस्य बाळांसाठी. पाचवं या लेखासाठी. एकाच माळेत. आठवडाभर.

मेसेज पुसायला गेले. सगळ्यांचं वाचून झालं होतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

फिलूचा फोन. आधी हसत होती. "अगं, माझे गुडघे बघ. खाली उशी घेऊन टेकते मी. आणि कशासाठी टेकले? तर त्याच्या प्रचारासाठी!" मग हसू थांबलं. म्हणाली, "लोकांना फसवल्यासारखं वाटतंय, ॲगी. मला नाही. लोकांना."

मला नाही हे दोनदा म्हणाली.

निकोलशी बोलले. विल्फी ऑफिसात होता. विचारलं, मंडळाचा लेख म्हणजे लिहिला कुणी? ती म्हणाली, "मी. एव्हरी वर्ड." तिला वाटत होतं मला कळलंच असेल. म्हणाली, "तुम्हाला ओळखू नाही आलं?"

ग्रुपचं सांगितलं नाही. कसं सांगू? तुझ्यासाठी तीस माणसं गुडघ्यावर होती आणि आता...

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा वाचला. या वेळी चष्मा लावून, टेबलाशी बसून, निबंध तपासतात तसा.

ओळखू आला की.

सिस्टर बेनेडिक्ट वादविवादाच्या तासाला सांगायच्या, आधी समोरच्याची बाजू लिहा. अशी लिहा की तो म्हणेल, हेच मला म्हणायचं होतं. मगच आपली बाजू. मी तेच निकोलला शिकवलं, आधी राहायचो त्या दुबईजवळच्या जबल अलीच्या दोन खोल्यांत, जेवणाचं टेबल पुसून. ती चिडायची, "बट ममा, दे आर राँग!" मी म्हणायचे, असू देत चुकीचे, आधी त्यांचं नीट लिही.

लेखाच्या मधोमध एक परिच्छेद आहे. आमच्यासारख्या माणसांबद्दल. ज्यांना त्या बाळांची झोप न येण्याइतकी काळजी वाटते त्यांच्याबद्दल. एक शब्द कुत्सित नाही. फिलूचं मनसुद्धा फिलूला इतकं नीट मांडता आलं नसतं. त्यानंतर ती वळते आणि आपलं सांगते. तिथे मला पटत नाही.  पण परिच्छेद माझा आहे. माझ्या टेबलावरचा आहे.

तो कुणी वाचलाच नसणार. लोकांनी शीर्षक वाचलं आणि खालचं नाव.

१६ ऑक्टोबर, बुधवार

माळ फिलूकडे. गेल्या शुक्रवारच्या निम्मीही माणसं नव्हती. हेतू सांगताना विल्फी तिसऱ्याला नेहमीसारखा बोलला. पाचव्याला म्हणाला, "जगातल्या शांतीसाठी."  बायका खाली बघत होत्या.

चण्यांच्या वेळी सायमनने विषय काढलाच. चांगल्या मनानेच काढला, मिटवायला म्हणून. "विल्फी, तिकडे नोकरी म्हटली की करावं लागतं, नाही का?"

विल्फी म्हणाला, "माझ्या मुलीने लिहिलेलं नाही ते. बोर्डाचं आहे. तिचं नुसतं नाव आहे खाली."

थोड्या वेळाने आणखी कुणीतरी विचारलं. पुन्हा तेच. "नुसतं नाव आहे." निघताना लिफ्टपाशी ग्लेनला, न विचारताच.

तीनदा. बायबलात शिष्याने प्रभूला नाकारलं तसं, कोंबडा आरवायचा तेवढा राहिला.

आणि मी? मला माहीत होतं. माझ्या हातात चण्यांची वाटी होती. मी चणे खात राहिले.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

व्हायचं ते झालं. निकोलचा व्हिडिओ कॉल, विल्फी घरी. नोआने आजोबांना नवा दात दाखवला. मग तिनेच विचारलं, "पपा, वाचलंत का मी लिहिलेलं?"

"तू कुठे लिहिलंस? बोर्डाने लिहिलं."

"नो पपा. आय रोट इट."

 त्याने फोन माझ्या हातात दिला आणि इस्त्री करायला आत गेला. स्वतःचे शर्ट तो कधी इस्त्री करत नाही. जाळलाच एक.

निकोल म्हणाली, "ही इज अशेम्ड ऑफ मी?"

नाही गं, म्हणाले. थकलाय. तिला पटलं नाही. तिकडेही सगळं धड नाही. रोज लोक पेपर बंद करतायत. एक म्हातारी दर आठवड्याला तिला फोन करून शब्दकोड्याबद्दल बोलायची, तिनेही बंद केला, आणि फोनवर रडली म्हणे. पेपरच्या दारात कुणी ओले, चिखलाचे अंक आणून टाकले. एकाने लिहिलं, जिथून आलीस तिथे परत जा.

हे सांगताना हसली. "व्हेअर, ममा? अबू धाबी? तुमचाच व्हिसा मार्चपर्यंत आहे."

मीही हसले. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

विल्फी बोलत नाही. म्हणजे मीठ दे, गाडीची किल्ली कुठे, एवढं बोलतो.

शेवटी रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "मी सगळ्यांसमोर खोटा पडलो." मी म्हटलं, खोटं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं? त्याने ताट सारलं. "तुला ठाऊक होतं. तू फिलूकडे बसून ऐकत होतीस."

हो.

"नाताळला आली तर मिस्साला माझ्या शेजारी बसणार ती. लोकांना काय तोंड दाखवू?"

'आली तर' म्हणाला. परवापर्यंत 'आली की' होतं.

गंमत अशी की आमच्यापैकी एकालाही तिथे मत नाही. इथे तर नाहीच. वसईच्या यादीत नावं उरली आहेत का तेही माहीत नाही. कुठेच मत नसलेली माणसं आम्ही, एका लांबच्या निवडणुकीवरून एकमेकांच्या घरचा चहा टाळतोय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आमची पाळी.

मूर्ती निकोलच्या खोलीत ठेवली, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर. दरवर्षी तिथेच ठेवतो. ओढणी पांढरी, जास्वंद फिलूच्या गॅलरीतली. मोठं पातेलं भरून चणे उकडले, ओलं खोबरं घालून. मैद्याचे फुगे तळले. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणल्या.

ग्रुपवर एकेक कारण येऊ लागलं. मुलाची परीक्षा. पाठ धरली. शारजात लग्न आहे. रियाचं, 'सॉरी आंटी, ग्लेनची शिफ्ट आहे.' सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

आले सायमन-फिलू आणि ते नवं जोडपं, कच्च्या चण्यांचं. त्यांना बहुतेक अजून कुणी 'जाऊ नका' सांगितलं नसावं. रिकाम्या खुर्च्यांसमोर विल्फीने पूर्ण माळ सांगितली, एक शब्द न गाळता, त्याच आवाजात. पाचव्याला पुन्हा, जगातल्या शांतीसाठी.

फिलू जाताना स्वयंपाकघरात आली. पातेल्याकडे बघितलं. म्हणाली, "डबा दे मोठा. मी नेते अर्धे." मग मला मिठी मारून, "मी निकोलला चड्डीत असल्यापासून ओळखते. लेख गेला खड्ड्यात." आणि डोळे पुसत, "पण चुकलीच ती, ॲगी. चुकलीच."

दोन्ही खरं म्हणाली. तिला दोन्ही म्हणता येतं. विल्फीला येत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आज ग्लेन-रिया मूर्ती न्यायला येणार होते. मेणबत्ती काढून ठेवली. फुलं बदलली. वाट बघितली.

रियाचा मेसेज. घरी पाहुणे आहेत, आमची पाळी जाऊ द्या, पुढच्या घरी द्या. पुढच्यांना फोन केला तर ते म्हणाले, आम्ही उद्या सांगतो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

कुणी सांगितलं नाही. ग्रुपवर कळलं, पुढच्या घरांनी दुसरी मूर्ती घेतली आहे, मुसाफात राहणाऱ्या एका कुटुंबाची, लूर्दच्या तीर्थाहून आणलेली. तिच्यासमोर माळ चालू आहे. वेळापत्रक पुन्हा टाकलं, त्यात आमचं नाव आहे, पण होऊन गेलेल्यांमध्ये.

आमची मूर्ती आमच्याकडेच. कुणी न्यायला आलं नाही असं इतक्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं. विल्फीला सांगितलं. त्याने विचारलं, "चणे संपले का?" संपले म्हटलं. तीन दिवस तेच खाल्ले.

संध्याकाळी तो एकटाच निकोलच्या खोलीत गेला. दारातून ऐकलं. एकटाच माळ म्हणत होता, आणि उत्तराच्या वेळी थांबत होता. समोरून कुणी उत्तर देणार असल्यासारखा. मी आत जाऊन उत्तर दिलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

महिना संपला. चर्चमध्ये समारोपाची मिरवणूक. आम्ही गेलो, मागे चाललो. सायमन मुद्दाम मागे रेंगाळला आणि विल्फीच्या खांद्यावर हात ठेवून चालला. बरं वाटलं. बाकीचे बोलले, नाही असं नाही. हाय आंटी, हाऊ आर यू आंटी. निकोलचं कुणी विचारलं नाही. आधी तेच पहिलं विचारायचे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

तिकडे निकाल लागला. कुणीतरी जिंकलं, कुणीतरी हरलं. ग्रुपवर कोणाला आनंद, कोणी गप्प. माझ्या घरात काही बदललं नाही.

निकोलला नाताळचं विचारलं. तिकिटं वाढतायत, नाताळ जवळ येतोय. ती म्हणाली, "पपा हॅज टु आस्क मी, ममा. तुम्ही नाही. त्यांनी. ये म्हणायला हवं."

हट्टी. बापावर गेलीय.

विल्फीला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो म्हणाला, "स्वतःच्या घरी यायला आमंत्रण लागतं तिला?" मी म्हटलं, लागतं, या वर्षी लागतं. "मग राहू दे तिकडेच."

मग राहू दे. असं तो म्हणाला. आत्ता लिहितानाही ते वाक्य दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. नोआ जन्मला तेव्हा विमानतळावर जायच्या चार तास आधी बूट घालून बसलेला हा माणूस.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सामान बांधायला सुरुवात केली, थोडं थोडं. जबल अलीचे फोटो निघाले. निकोल कंपनीच्या बसच्या पायरीवर, विल्फीचं हेल्मेट डोक्यावर, डोळे झाकलेले. मागे नुसती वाळू. तिथे आता काय काय झालं असेल, ओळखूही येणार नाही.

तेव्हा ती सगळं बापाला आधी दाखवायची. निबंध मी तपासायचे, पण वाचून दाखवायची त्याला. तो वेअरहाऊसमधून दमून आलेला, अर्धा झोपेत, आणि शेवटी नेहमी एकच, "फर्स्ट क्लास." मी विचारायचे, काय होतं निबंधात, सांग. त्याला सांगता यायचं नाही. तिला चालायचं.

फोटो त्याच्या उशीजवळ ठेवला. रात्री फोटो टेबलावर उलटा होता. टाकला मात्र नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

माळ रोज चालू आहे. ऑक्टोबर कधीच संपला, पण मूर्ती इथे आहे तोवर म्हणायची, असं त्याचं. निकोलच्या खोलीत, दोघंच. पलंगावर त्याचे इस्त्रीचे कपडे, कागदपत्रांच्या पिशव्या. खोलीचं गोडाऊन झालंय.

आज पाचव्या रहस्याला हेतू सांगायची वेळ आली आणि तो थांबला. 'जगातल्या शांतीसाठी' इतके दिवस न चुकता म्हणतोय. आज ते आलं नाही. मी वाट बघितली.  मग हेतू न सांगताच त्याने सुरू केलं.

नंतर चहाला, कपात बघत, "तो मधला एक पॅरा आहे. आपल्या लोकांबद्दल."

 त्याने वाचलाय हे मला ठाऊकच नव्हतं.

"तो पण तिनेच लिहिला?"

"तिनेच."

"हं."

चहा संपवून, "बाकीचं मला मान्य नाही. कधीच होणार नाही." मग कप विसळायला उठला. पाठमोरा म्हणाला, "तो पॅरा बरा आहे."

बरा. फर्स्ट क्लास नाही. पण बरा.

निकोलला कळवू का? नको. त्याने म्हणायला हवं. तिचं खरंच आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

फिलू आली होती, वसईच्या घराला कोणता रंग द्यावा यावर माझ्याशी भांडायला. निकोलच्या खोलीत डोकावली. "अजून इथेच आहे मारियामाता?" म्हटलं, कुणी नेली नाही.  ती म्हणाली, "तिला इथे राहायचं असेल." आणि लगेच, "सायमन घेऊन जाईल गं, एक शब्द टाक." मी शब्द टाकला नाही. का ते कळत नाही. एकदा वाटलं, मूर्ती गेली तर तो त्या खोलीत जायचाच बंद होईल.

तिकिटं आता भयंकर. निकोल काही म्हणत नाही. मीही नाही. नोआने मला फोनवर नाताळचं झाड दाखवलं, त्यांचं, तिकडचं. तारा लावून झाला आहे.

१ डिसेंबर, रविवार

नाताळाआधीच्या आगमन काळाचा पहिला रविवार. जांभळी मेणबत्ती.

संध्याकाळी मी भाजीला गेले, विल्फी घरी. परत आले तर मारियामाता हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूच्या स्टुलावर. खाली नवा टेबलक्लॉथ, तिरका घातलेला. निकोलच्या खोलीचं दार उघडं. पलंगावरचे इस्त्रीचे कपडे कपाटात, पिशव्या गॅलरीत. नोआचा उडी मारायचा कोपरा, खिडकीखालचा, तोही मोकळा.

मी पिशवी हातात घेऊन उभी. तो म्हणाला, "आत उजेड कमी येतो. इथे बरी दिसते."

हो म्हटलं. इथे बरी दिसते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? चहा कर आधी."

चहा केला. तो प्यायला. घड्याळाकडे बघितलं. "तिकडे आता सकाळ झाली असेल ना?"

"झाली असेल."

"रविवारची उशिरा उठते ती."

"नोआ उठवतो लवकर."

 फोन त्याच्या कपाशी पडलाय. मी मुद्दाम उठून आत आले, तिच्या टेबलाशी बसून हे लिहितेय. टेबलावर मूर्तीच्या बैठकीचा गोल डाग राहिलाय, मेणाचा. तो तिला 'ये' म्हणाला तर ऐकू यावं म्हणून दार लोटलेलं नाही.

अजून तरी काही ऐकू आलं नाही. पण तो हॉलमधून उठलेलाही नाही.